तीन प्लेट्सचे रंगीत एचिंग: मेरी कसॅट यांच्या पद्धतीने, आराखड्यापासून वाळलेल्या प्रतीपर्यंत

अमेरिकन चित्रकार मेरी कसॅट यांनी १८९०-९१ मध्ये फ्रान्समध्ये केलेली दहा रंगीत मुद्राचित्रे समोर ठेवून तसे काही करून पाहणाऱ्यांची प्रूफे (छपाईच्या चाचणी प्रती) माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत त्याच दोन चुका दिसतात. एक तर बाह्यरेषा एकीकडे राहते आणि रंग दुसरीकडे सरकतो. नाही तर शेजारचे दोन रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात. दोन्हींचा दोष छापणाऱ्या हाताला दिला जातो. खरे पाहता त्या चुका प्रेसपाशी पोहोचण्याच्या कितीतरी आधी, रंगांची वाटणी करताना आणि प्लेट्स कापताना झालेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. ज्यांनी एका रंगातले एचिंग (आम्लाने चरलेल्या धातूच्या प्लेटवरून छपाई) निदान चार-पाच वेळा छापले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

## सुरुवातीपूर्वी: नेमके काय साधायचे आहे

१८९० च्या वसंतात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यानंतर कसॅट यांनी जे हाती घेतले, त्यात जपानी चित्रांकडून आलेल्या तीन गोष्टी आहेत: आकार बांधणारी एकसलग रेषा, छायाप्रकाशाविना सपाट पसरलेला रंग, आणि नक्षीला लागून नक्षी, म्हणजे फुलांच्या भिंतीपुढे फुलांचाच पोशाख. तुमच्या चित्रात या तिन्हींची गरज नसेल, तर ही पद्धत निवडू नका. छायेच्या उतरत्या छटा हव्या असतील, तर एकाच प्लेटवर केलेले साधे अ‍ॅक्वाटिंट (राळेच्या दाण्यांमधून प्लेट चरून छटा देण्याची रीत) अधिक चांगले काम देईल.

जपानी चित्रात प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठोकळा असतो. त्या ठोकळ्यातच कागदाचा कोपरा आणि कड टेकवण्यासाठी खाच कोरलेली असते, तिला केंतो म्हणतात. कितीही ठोकळे असले, तरी कागद त्याच खाचेत बसतो आणि रंग जागच्या जागी पडतो. तांब्याच्या प्लेटला अशी खाच करता येत नाही, कारण कागद प्लेटपेक्षा मोठा असतो आणि प्लेट त्याच्याखाली दबून प्रेसमधून जाते. कसॅट यांनी ठोकळ्यांची संख्या गाठायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी नंतर पत्रात सांगितलेली कृती अशी: बाह्यरेषा ड्रायपॉइंटने, म्हणजे सुईने थेट तांबे ओरबाडून, काढायची, ती आणखी दोन प्लेट्सवर उतरवायची, तीनपेक्षा जास्त प्लेट्स कधीच घ्यायच्या नाहीत, जिथे रंग हवा तिथे अ‍ॅक्वाटिंट द्यायचा आणि प्रिंटमध्ये रंग जसा दिसायला हवा, तसाच तो प्लेटवर भरायचा. एका प्लेटवर अनेक रंग भरायचे असल्याने तीन प्लेट्सवर सात-आठ रंग सहज मावतात. या कृतीची सारी अवघड बाजू तिथेच आहे.

## टप्पा १: रंगांची वाटणी

आराखडा प्रत्यक्ष आकारात काढा. नवशिक्यांनी २० बाय १५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नये. कसॅट यांचे ‘द लेटर’ साधारण ३४ बाय २३ सेंटीमीटरचे आहे आणि तेवढ्या प्लेटवर चार रंग भरून पुसेपर्यंत पहिला रंग घट्ट होऊ लागतो.

आराखड्यावर ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे एकावर एक ठेवा. प्रत्येकावर एकेका प्लेटचे रंग लावायचे आहेत. लावताना नियम एकच पाळा: जे दोन रंग चित्रात एकमेकांना टेकतात, ते एकाच प्लेटवर येऊ द्यायचे नाहीत. एकाच प्लेटवरच्या दोन रंगांमध्ये निदान बोटभर मोकळी जागा हवी, कारण शाई भरणारा कापडाचा बोळा आणि पुसणारे कापड या दोघांनाही वळायला तेवढी जागा लागते.

उदाहरण म्हणून ‘वूमन बेदिंग’ घ्या. पाठमोरी, कमरेपर्यंत उघडी, हात-तोंड धुण्यासाठी वाकलेली स्त्री. मागे निळी भिंत, अंगावर पट्ट्यांचा घागरा, पायांखाली नक्षीचे जाजम आणि त्यावर पाण्याची झारी. सरावासाठी मी या चित्राची वाटणी अशी करून घेतो (ही कसॅट यांची स्वतःची वाटणी असल्याचा दावा नाही): पहिल्या प्लेटवर त्वचेची अगदी फिकी छटा, घागऱ्याचा पायाचा रंग आणि जाजमाची जमीन, दुसरीवर भिंतीचा निळा आणि झारीवरचा निळा, तिसरीवर बाह्यरेषा, केस, घागऱ्याचे पट्टे आणि जाजमाची नक्षी. भिंत आणि पाठ एकमेकींना टेकतात, पण त्या वेगवेगळ्या प्लेट्सवर आहेत. केस भिंतीला टेकतात, तेही वेगळ्या प्लेटवर आहेत. पहिल्या प्लेटवर मात्र घागरा आणि जाजम एकमेकांना लागतात आणि इथेच प्रत्येकजण अडतो. उपाय सोपा आहे: त्या दोघांचा पायाचा रंग एकच ठेवायचा आणि फरक तिसऱ्या प्लेटवरच्या पट्ट्यांनी व नक्षीने करायचा. त्वचेची छटा त्याच फिक्या रंगातून, अधिक पारदर्शक बेस (रंग नसलेली शाई) घालून काढली, तर सीमेवर थोडी मिसळ झाली तरी डोळ्याला खटकत नाही.

फिका रंग त्याच्या शेजारच्या गडद रंगाखाली किंवा रेषेखाली अर्धा मिलिमीटर सरकवून आखा. छापताना केसभर फरक पडला, तरी मग मधून पांढरा कागद डोकावत नाही.

तपासणी: तिन्ही ट्रेसिंग एकत्र खिडकीच्या काचेवर धरा. चित्र पूर्ण दिसले पाहिजे. नंतर एकेक वेगळे धरा आणि प्रत्येकावर एकमेकांना टेकणारे दोन भिन्न रंग शोधा. एक जरी जोडी सापडली, तरी वाटणी पुन्हा करा. इथला एक तास पुढचे दोन दिवस वाचवतो.

## टप्पा २: प्लेट्स कापणे आणि घासणे

प्लेट तांब्याचीच घ्या, साधारण १ मिलिमीटर जाडीची. जस्त स्वस्त असते आणि आपल्याकडे वर्गांत सर्रास वापरले जाते, पण जस्तावर पिवळा, पांढरा आणि फिके गुलाबी रंग पुसताना काळवंडतात. या पद्धतीत फिके रंगच चित्राचा जीव असल्याने ती बचत परवडत नाही.

तिन्ही प्लेट्स एकाच पत्र्यातून, एकाच बैठकीत कापा. नंतर तिन्ही एकावर एक ठेवून शिकंजात धरा आणि चारही कडा एकत्र कानसा, म्हणजे लांबी-रुंदीत कागदाच्या जाडीएवढाही फरक राहणार नाही. त्यानंतर प्रत्येक प्लेटच्या कडेला वेगळा उतार द्या, साधारण ४५ अंशांचा, आणि तो उतार तिन्हींवर सारख्याच रुंदीचा ठेवा. एका प्लेटचा उतार दुसरीपेक्षा रुंद झाला, तर कागदावर उमटणारी प्लेटची खूण दुहेरी दिसते आणि रंग बरोबर जुळले असले तरी चित्र हललेले वाटते. कानस मारून झाल्यावर बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी बर्निशर (धातू घासून गुळगुळीत करणारे हत्यार) फिरवा.

प्लेट्सच्या मागे वरची बाजू आणि अनुक्रमांक खिळ्याने कोरून ठेवा. पेनने लिहिलेले आम्लात निघून जाते.

## टप्पा ३: मुख्य प्लेटवरची रेषा

आराखड्याचे ट्रेसिंग मऊ पेन्सिलीने गडद करा, पेन्सिलीची बाजू खाली करून ते मुख्य, म्हणजे रेषेच्या तिसऱ्या, प्लेटवर ठेवा आणि हलक्या दाबाने प्रेसमधून काढा. रेखाटन प्लेटवर उलटे उमटते आणि छापल्यावर पुन्हा सुलटे होते.

ड्रायपॉइंटमध्ये सुई तांब्याला ओरबाडते आणि रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. तिला कार्यशाळेत बर म्हणतात. शाई मुख्यतः तिच्यात अडकते आणि रेषेला मखमली मऊपणा येतो. ही कोर नाजूक असते. घासणीने ती झिजते, आम्लाने विरते आणि प्रेसच्या दाबाने काही डझन प्रतींत बसून जाते. कसॅट यांनी या संचातल्या चित्रांच्या प्रत्येकी २५ प्रती छापल्या होत्या. तुम्हीही तेवढाच आकडा मनात ठेवा.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. मुख्य प्लेटवर केस किंवा नक्षीसाठी अ‍ॅक्वाटिंटही यायचा असेल, तर आता रेषा फक्त हलकी ओरखडा, दुसऱ्या प्लेट्सवर उतरवता येईल एवढीच. अ‍ॅक्वाटिंट होऊन प्लेट स्वच्छ झाल्यावर त्याच रेषेवरून पूर्ण जोराने पुन्हा सुई फिरवा. सुरुवातीलाच सुंदर ड्रायपॉइंट करून नंतर तीच प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्याने रेषा मेलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की, हा क्रम प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असे वाटते.

## टप्पा ४: रेषा दुसऱ्या दोन प्लेट्सवर उतरवणे

प्रेसच्या फळीवर जाड कागद चिकटवा, त्यावर प्लेटच्या आकाराची आणि कागदाच्या आकाराची चौकट आखा, वरून पारदर्शक अ‍ॅसिटेट टाका. ही चौकट पुढे शेवटपर्यंत लागणार आहे.

1. मुख्य प्लेटला भरपूर, किंचित सैल शाई भरा आणि कमी पुसा.
2. प्लेट चौकटीत ठेवा, वर गुळगुळीत अ‍ॅसिटेटचा किंवा कडक, न भिजवलेल्या कागदाचा लांब तुकडा ठेवा आणि प्रेस फिरवा. प्लेट पूर्ण बाहेर आली, पण तुकड्याचे टोक अजून रोलरखाली दबलेले आहे, अशा जागी थांबा.
3. तुकडा वर उचलून रोलरवर उलटा टाका. मुख्य प्लेट काढा आणि त्याच चौकटीत दुसरी प्लेट ठेवा.
4. तुकडा खाली सोडून प्रेस उलट फिरवा. ओल्या शाईच्या रेषा दुसऱ्या प्लेटवर उतरतात.
5. उरलेल्या प्लेटसाठी पुन्हा पहिल्यापासून करा. एकाच ठशातून दोन प्लेट्सवर रेषा काढायचा मोह टाळा, दुसरी रेषा फिकी येते.

उतरलेल्या रेषांवर टाल्कम पावडर झटकली की त्या पक्क्या होतात आणि हात लागून पुसत नाहीत.

नेहमीची चूक: या कामासाठी छपाईचाच भिजवलेला कागद वापरणे. ओला कागद दाबाखाली ताणला जातो. त्या ताणलेल्या मापाची रेषा प्लेट्सवर उतरली, तर पुढे कितीही काळजी घेतली तरी चित्राच्या एका टोकाला जुळणी होते आणि दुसऱ्या टोकाला सुटते. प्रूफ एकाच बाजूला सरकलेले असेल, तर चूक प्लेट ठेवण्यात आहे. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकलेले असेल, तर ती या टप्प्यात झालेली आहे.

## टप्पा ५: अ‍ॅक्वाटिंट

सपाट रंगासाठी दाणा बारीक आणि सर्वत्र सारखा हवा. प्रथम खडूची बारीक पूड आणि थोडा अमोनिया लावून प्लेट घासा आणि नळाखाली धरा. पाण्याचा पडदा अखंड राहिला पाहिजे. कुठेही थेंब फुटून तांबे उघडे पडले, तर तिथे तेलकटपणा शिल्लक आहे आणि तिथेच पुढे डाग येणार आहे.

राळेच्या पेटीतली धूळ ढवळून अर्धा ते एक मिनिट थांबा, म्हणजे जाड कण खाली बसतील. मग प्लेट आत ठेवा. दहा-एक मिनिटांनी काढून तिरप्या उजेडात पाहा. राळेने साधारण निम्मे तांबे झाकलेले असावे. आता खालून उष्णता द्या. पांढरट, निस्तेज दिसणारी राळ एका क्षणी पारदर्शक होऊन चमकते. ती चमक प्लेटभर सरकताना डोळ्यांनी दिसते आणि तिच्या मागोमाग आच हलवत राहायची. जास्त तापवले, तर कण वितळून एकमेकांना मिळतात आणि त्या जागी आम्ल पोहोचत नाही.

सावधान: राळेची धूळ फुप्फुसांत जाते, मुखपट्टी घाला. हवेत तरंगणारी ही धूळ पेटही घेते, त्यामुळे पेटीच्या खोलीत बर्नर पेटवू नका.

जिथे रंग नको, तो सारा भाग आम्ल रोखणाऱ्या स्टॉप-आउट व्हार्निशने झाका. प्लेटची मागची बाजू आणि कडाही झाका. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरा. त्यातून नायट्रिक आम्लासारखे तपकिरी विषारी धूर निघत नाहीत, तरीही हातमोजे आणि चष्मा हवाच. खड्यांपासून द्रावण करायचे असेल, तर खडे थोडेथोडे पाण्यात टाका. खड्यांवर पाणी ओतू नका, द्रावण एकदम तापते. या पात्रात जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट कधीही बुडवू नका. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, म्हणून ते मोरीत ओतायचे नाही. बंद प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवून घातक रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यायचे.

फेरिकमध्ये चर पडताना गाळ साचतो आणि दाणा ओबडधोबड होतो. प्लेट उभी बुडवा किंवा पालथी तरंगत ठेवा.

किती वेळ ठेवायची, हे दुसऱ्याच्या तक्त्यावरून ठरवू नका. उन्हाळ्यातल्या दुपारी फेरिक जितक्या वेगाने चरते, तितके ते जानेवारीत चरत नाही आणि जुने द्रावण नव्यापेक्षा मंद असते. त्याच पत्र्याची बोटभर पट्टी घ्या, तिच्यावर तसाच अ‍ॅक्वाटिंट द्या आणि ३० सेकंद, १, २, ४, ८ आणि १६ मिनिटांचे सहा टप्पे काढा. मग ती पट्टी काळ्या शाईत नाही, ज्या रंगात छापायचे आहे त्याच रंगात छापून पाहा. काळ्यात गडद दिसणारा टप्पा पिवळ्यात जेमतेम जाणवतो. त्वचेसारखी फिकी छटाही उथळ चरून काढण्यापेक्षा मध्यम चरून, शाईत पारदर्शक बेस वाढवून काढा, कारण फार उथळ दाणा दहा-बारा प्रतींत गुळगुळीत होतो.

## टप्पा ६: कागद आणि शाई

कापसाचा, निदान २५० ग्रॅमचा कागद घ्या. प्रवासाच्या दिशेने प्लेटच्या दोन्ही टोकांना ८ ते १० सेंटीमीटर जास्त सोडा. हे का, ते आठव्या टप्प्यात कळेल. कागद अर्धा तास पाण्यात ठेवा, निथळा, टिपकागदांत दाबा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली रात्रभर राहू द्या. सकाळी गालाला लावल्यावर तो गार लागावा, पण पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसू नये. छपाईच्या आधी प्रत्येक कागद प्लेटशिवाय, कोराच एकदा प्रेसमधून काढा. जेवढा ताणायचा तेवढा तो तिथेच ताणला जातो आणि पुढच्या तीन फेऱ्यांत स्थिर राहतो.

शाई एचिंगचीच घ्या. बरण्यांतले रंग तसेच वापरले, तर चित्र भडक होते. कसॅट यांच्या प्रिंटमधले रंग पातळ, कागदाला आतून उजळू देणारे आहेत. आधी पारदर्शक बेस काचेवर घ्या आणि त्यात रंग सुईच्या टोकाने मिसळत जा. रंगात बेस मिसळू लागलात, तर वाटीभर शाई होईल तरी ती गडदच राहील. घट्ट करायला मॅग्नेशियम कार्बोनेट आणि सैल करायला उकळलेले जवसाचे तेल वापरा.

पहिल्या प्लेटची शाई सर्वांत चिकट आणि तिसरीची सर्वांत सैल ठेवा. ओल्यावर ओले छापताना नंतरची शाई आधीच्यापेक्षा चिकट असेल, तर ती कागदावरचा रंग उचलून घेते.

## टप्पा ७: शाई भरणे आणि पुसणे

प्रत्येक रंगासाठी मऊ सुती कापडाचा, अंगठ्याएवढा वेगळा बोळा बांधा. फ्रेंचमध्ये या रीतीला ‘आ ला पूपे’, म्हणजे बाहुलीने, असे नाव आहे आणि चिंधीचा तो बोळा खरोखरच लहान मुलीच्या बाहुलीच्या डोक्यासारखा दिसतो.

आधी सर्व रंग आपापल्या जागी भरून घ्या, मग पुसायला सुरुवात करा. भरताना बोळा सीमेकडून आत फिरवा. पुसण्यासाठी प्रत्येक रंगाला टार्लटनच्या जाळीचे स्वतंत्र कापड ठेवा आणि फिक्या रंगाकडून गडदाकडे जा. एका प्लेटचे पुसणे शब्दांत असे सांगता येईल: निळ्याच्या कापडाची घडी तीन बोटांत धरायची, तळहात प्लेटला टेकू द्यायचा नाही, आणि लहान लहान वर्तुळांनी मधून कडेकडे येत सीमेच्या किंचित अलीकडे थांबायचे. नंतर त्याच कापडाची कोरी बाजू करंगळीवर ताणून सीमेवरून एकदाच, न थांबता ओढायची. पुन्हा मागे फिरवली की रंग वाहून आला म्हणून समजा. शेवटी हातावर खडूची पूड चोळून तळहाताच्या कडेने हलकेच पुसा, प्रत्येक रंगासाठी हाताची वेगळी जागा वापरून. मोकळ्या जागा आणि चारही उतार स्वच्छ चिंधीने पुसायचे राहून जातात. कागदावर प्लेटच्या कडेची मळकी रेघ दिसली, तर कारण हेच असते.

तपासणी: पुसलेली प्लेट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा. भरलेल्या भागांत शाई सारखी निस्तेज दिसावी. कुठे ओली चकाकी असेल, तर शाई वर उरली आहे आणि ती दाबाखाली पसरणार आहे.

तिन्ही प्लेट्स भरून तयार झाल्याशिवाय पहिली छापू नका. मध्ये वीस मिनिटे गेली, तर कागद आक्रसतो. एकट्याने हे करणे अवघड आहे, सोबत कोणीतरी घ्या. कसॅट यांनीही ही चित्रे लरोआ नावाच्या छपाई करणाऱ्या कारागिरासोबत छापली आणि प्रतींवर तसे लिहिलेही. दोघांनी आठ तास कष्ट करून दिवसाला कधी कधी आठ-दहाच प्रती निघत, असे त्यांनी पुढे एका पत्रात कळवले होते. तुमच्या पहिल्या दिवशी दोन चांगल्या निघाल्या, तरी गती योग्य आहे.

## टप्पा ८: प्रेसवरची जुळणी

दाब आधी पाहून घ्या. कोरी प्लेट आणि ओला कागद फिरवा आणि चारही बाजूंचा ठसा सारखा खोल आहे का, ते बोटाने चाचपा. एकदा ठरलेला दाब तिन्ही प्लेट्स होईपर्यंत बदलायचा नाही.

1. सर्वांत फिक्या रंगांची प्लेट चौकटीत ठेवा. कागद त्याच्या चौकटीत टाका, वर ब्लँकेट्स (प्रेसची जाड लोकरी कापडे) ओढा.
2. सावकाश, न थांबता फिरवा. प्लेट पूर्ण बाहेर आली आणि कागदाचे मागचे टोक अजून रोलरखाली आहे, तिथे थांबा. जास्तीचे दहा सेंटीमीटर इथे कामी येतात.
3. ब्लँकेट्स आणि कागद उचलून रोलरवर टाका. कागद रोलरखालून सुटता कामा नये. प्लेट थेट आपल्या जागी राहिली आहे का, हे पाहून काढा आणि फळीवर शाई लागली असल्यास पुसा.
4. दुसरी प्लेट त्याच जागी ठेवा. वरची बाजू कोणती, हे प्लेटमागच्या खुणेवरून पाहा. घाईत प्लेट उलटी ठेवणे ही सर्वांत महागडी चूक आहे आणि ती अनुभवी माणसाच्याही हातून होते.
5. कागद हळूहळू, रोलरच्या बाजूने सुरू करून खाली सोडा आणि प्रेस उलट दिशेने फिरवा. आता कागदाचे दुसरे टोक रोलरखाली धरलेले राहील.
6. तिसरी, म्हणजे रेषेची प्लेट ठेवा आणि शेवटची फेरी पूर्ण काढा.

पहिल्या फेरीत प्लेट दाबाने पुढे सरकत असेल, तर तिच्या मागे त्याच जाडीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या चौकटीला चिकटवा. जुळणी टेकवण्याच्या या पट्ट्या मला हातांच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात.

## टप्पा ९: प्रूफ वाचणे आणि प्लेट दुरुस्त करणे

पहिले प्रूफ पाहून लगेच शाई बदलू नका. आधी प्रत्येक प्लेटचे स्वतंत्र प्रूफ काढा आणि एकत्र छापलेल्या प्रूफसह चौघांना शेजारी मांडा. रंग मातकट वाटत असेल, तर तो एकाच प्लेटवर मातकट आहे की दोन प्लेट्स एकमेकींवर आल्यावर होतो, हे तिथे कळते. एकाच प्लेटवर असेल, तर दोष पुसण्यात किंवा वाटणीत आहे. एकमेकींवर आल्यावर होत असेल, तर वरच्या शाईत पारदर्शक बेस कमी आहे.

गडद झालेला अ‍ॅक्वाटिंट तेलाचा थेंब टाकून बर्निशरने उतरवता येतो. फिका राहिला, तर प्लेट पुन्हा स्वच्छ करून राळ आणि आम्लाचा टप्पा पुन्हा करावा लागतो. मुख्य प्लेटवर ते करायचे असेल, तर ड्रायपॉइंटची कोर जाईल हे धरून चाला. दुरुस्तीला कंटाळू नये. कसॅट यांच्या संचातले पहिले चित्र ‘द बाथ’ दहाहून अधिक अवस्थांतून, म्हणजे प्लेट बदलत काढलेल्या रूपांतून, गेले आणि त्यानंतरची चित्रे कमी फेऱ्यांत जमली.

काही ठिकाणी हाताने थोडे भरणे गैर नाही. ‘आफ्टरनून टी पार्टी’मध्ये कपबश्यांच्या कडेचा सोनेरी रंग हातानेच दिलेला आहे. जुळणीची चूक ब्रशने झाकणे मात्र मला मान्य नाही, कारण ती पुढच्या प्रतीत पुन्हा येणार असते.

पसंत पडलेल्या प्रूफच्या समासात प्रत्येक शाईचे वजन, बेसचे प्रमाण, पुसण्याचा क्रम आणि कागद किती वेळ भिजवला, हे पेन्सिलीने लिहा. उरलेल्या सर्व प्रती या एका प्रूफशी ताडून काढायच्या आहेत.

## टप्पा १०: वाळवणे आणि प्लेट्स ठेवणे

ओली प्रिंट उघडी वाळू दिली, तर कागद चुरगळल्यासारखा उठतो. शाईच्या बाजूला आधी गुळगुळीत पातळ कागद, मग टिपकागद, असे थर करून सपाट फळ्यांखाली ठेवा. पहिल्या दिवशी दोनदा आणि पुढे आठवडाभर रोज टिपकागद बदला. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये छापत असाल, तर आठवडाभर दिवसातून दोनदा बदला आणि काढलेले टिपकागद पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागदाच्या मागे दिसणारे पिवळट ठिपके बुरशीचे असतात आणि ते नंतर निघत नाहीत.

वाळल्यावर प्रतींना पेन्सिलीने क्रमांक द्या. प्लेट्स रॉकेलने शेवटच्या दाण्यापर्यंत स्वच्छ करा, कारण अ‍ॅक्वाटिंटमध्ये वाळलेली शाई पुढच्या वेळी फिक्या रंगात मिसळते. ड्रायपॉइंटच्या प्लेटवर ब्रश घासू नका, मऊ कापडाने टिपा. मग तिन्हींवर व्हॅसलिनचा पातळ हात देऊन, मध्ये कागद घालून, त्या एकाच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर रंगांच्या नोंदी असलेल्या प्रूफचा क्रमांक लिहा.